मदत हवी आहे: अवयव न सापडता २^६७ − १ संयुक्त आहे हे कसं ठरलं?

नमस्कार मंडळी,

नववीच्या मुलांशी एका एकवीस अंकी संख्येबद्दल बोलायचं आहे: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७, म्हणजे २^६७ − १. फ्रेंच गणितज्ञ मर्सेनने १६४४ साली ही मूळ संख्या म्हणून आपल्या यादीत घातली (२^न − १ अशा रूपाच्या संख्यांना त्याच्यावरून मर्सेन संख्या म्हणतात). १९०३ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत फ्रँक नेल्सन कोल यांनी तिचे अवयव मांडले:

१९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७

एक शब्दही न बोलता त्यांनी फळ्यावर हा गुणाकार केला आणि जागेवर जाऊन बसले, अशी गोष्ट सांगतात. मुलांना ती फार आवडेल.

पण एदुआर ल्युका यांनी १८७६ मध्येच ही संख्या संयुक्त असल्याचं सिद्ध केलं होतं, एकही अवयव माहीत नसताना! मी इथेच अडले आहे. संयुक्त म्हटलं की मुलं लगेच विचारणार, "मग भाग कशाने जातो?"

मर्सेन संख्या मूळ आहे का हे ठरवणारी ल्युका-लेमर चाचणी करून पाहिली. ४ पासून सुरुवात, दरवेळी वर्ग करून २ वजा करायचे आणि तपासायच्या संख्येने भागून बाकी घ्यायची. १२७ साठी ४, १४, ६७, ४२, १११, ०. शून्य आलं, म्हणजे मूळ. २०४७ साठी ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शून्य नाही, म्हणजे संयुक्त (२३ × ८९). कृती हाताने जमते, पण तिची सिद्धता नववीच्या आवाक्यातली नाही. हीच कल्पना सोप्या उदाहरणातून कशी दाखवू? आगाऊ आभार.

प्रतिसाद:

ताई, फर्माचं छोटं प्रमेय घ्या. प मूळ असेल आणि अ ला प ने भाग जात नसेल, तर अ^(प−१) ला प ने भागल्यावर बाकी १ उरते. आता १५ घ्या. २^१४ = १६३८४, त्याला १५ ने भागून बाकी ४. म्हणजे १५ मूळ नाही, आणि आपण ३ किंवा ५ चं नावही घेतलेलं नाही. मूळ असती तर जे घडायलाच हवं होतं ते घडलं नाही, हाच पुरावा. ल्युकांच्या चाचणीतही संयुक्तपणा असाच कळतो.

मात्र २०४७ वर २ चा घात वापरू नका. २०४७ म्हणजे २^११ − १, म्हणून २^११ ला तिने भागल्यावर बाकी १, आणि २०४६ ला ११ ने भाग जातो, त्यामुळे २^२०४६ ची बाकीही १ च येते. घातांक मूळ असलेल्या सगळ्याच मर्सेन संख्यांचं असं होतं. तिथे ३ घ्या, २०४७ लगेच पकडली जाते. एवढा मोठा घात एकदम काढायचा नाही, वर्ग करत जायचं आणि प्रत्येक पायरीला बाकी घ्यायची. स्प्रेडशीट मात्र टाळा, पंधरा अंकांनंतर शून्यं भरतं. पायथॉन या संगणकभाषेत पूर्ण संख्या मिळते.

मुलांना आणखी एक काम देता येईल. २^६७ − १ च्या कुठल्याही अवयवाला १३४ ने भागलं की बाकी १ च उरते. कोल यांचे दोन्ही अवयव तपासायला लावा. पहिला १३४ × १४४५५८० + १ आहे, दुसरा त्यांनीच काढू दे.