शेवटच्या डाइव्हनंतर साडेसतरा तासांनी विमान: चालेल का?

गोदाकाठ:
नमस्कार. पुढील महिन्यात आम्ही दोघे नाशिकहून अंदमानला जाणार आहोत. स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, येथे तीन दिवस रोज दोन स्कूबा डाइव्ह करायच्या, खोली 12 ते 18 मीटर, असा बेत आहे. तिसऱ्या दिवशीची दुसरी डाइव्ह आटोपून पाण्याबाहेर येईपर्यंत दुपारचा दीड वाजेल. त्याच दिवशी बोटीने पोर्ट ब्लेअर गाठायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 7 वाजता चेन्नईचे विमान पकडायचे आहे. हिशेब केला तर मध्ये साडेसतरा तास उरतात. डाइव्ह सेंटरवर फोन केला तेव्हा ‘12 तास पुरतात’ असे उत्तर मिळाले; माझा मावसभाऊ मात्र 24 तासांच्या खाली यायला तयार नाही. तिकिटे काढून झाली आहेत. खरे काय मानावे?

निळाई:
दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण 12 तासांचा आकडा तुम्हाला लागू होत नाही. डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेने 2002 मध्ये तज्ज्ञांना एकत्र आणून ज्या शिफारशी ठरवल्या, त्यांनुसार डीकम्प्रेशन थांबे (वर येताना मध्येच ठरावीक खोलीवर घ्यावे लागणारे थांबे) न लागणारी एकच डाइव्ह केली असेल तर किमान 12 तास, एका दिवसात अनेक किंवा सलग काही दिवस डाइव्ह केल्या असतील तर किमान 18 तास, आणि डीकम्प्रेशन थांबे घ्यावे लागले असतील तर 18 तासांपेक्षा बरेच अधिक थांबावे. तुमच्या सहा डाइव्ह तीन दिवसांत होणार, म्हणजे 18 तास. तेही ‘किमान’ आहेत; 18 तास भरले म्हणजे धोका शून्य झाला, असा त्याचा अर्थ नाही. म्हणूनच कित्येक डायव्हर 24 तासांचा सोपा नियम पाळतात आणि अनेक डाइव्ह कॉम्प्युटरही (डाइव्हची खोली आणि वेळ मोजणारी उपकरणे) तेवढाच काळ विमानाची मनाई दाखवतात.

कारण असे आहे. 18 मीटर खोलीवर शरीरावरचा एकूण दाब समुद्रसपाटीच्या सुमारे 2.8 पट असतो आणि त्या दाबाने श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो. वर आल्यावर तो फुप्फुसांवाटे हळूहळू बाहेर पडतो. रक्तातला लवकर, तर ज्या ऊतींना रक्तपुरवठा कमी असतो तेथला बऱ्याच उशिरा. विमानाच्या केबिनमध्ये दाब असतो हे खरे, पण तो 8000 फूट उंचीवरील हवेइतका उतरू शकतो, म्हणजे जमिनीवरच्या दाबाच्या जेमतेम तीन चतुर्थांश. सोड्याच्या बाटलीचे उदाहरण सगळेच देतात. आपण नाशिककर फेसाळत्या वाइनच्या बाटलीचे घेऊ. बूच हलक्या हाताने सैल केले तर वायू मुकाट्याने निघून जातो, झटक्याने काढले तर फेस उसळतो. शरीरात हा फेस सांध्यांत, त्वचेत किंवा मज्जारज्जूत झाला की त्याला डीकम्प्रेशन सिकनेस म्हणतात.

अर्ध्या तासासाठी घासाघीस करण्यापेक्षा तिसऱ्या दिवशी पाण्यात उतरूच नका. सकाळच्या बोटीने पोर्ट ब्लेअरला या आणि सेल्युलर जेल पाहा. सावरकरांचे जन्मगाव भगूर ज्यांच्या घराजवळ आहे त्यांनी तो दिवस राखून ठेवायलाच हवा.

सह्यकडा:
थोडे अवांतर, पण नाशिककरांच्या कामाचे. आम्ही तारकर्लीला डाइव्ह करून त्याच दुपारी गाडीने परत निघालो होतो, तेव्हा ‘विमान नाही, मग काळजी कशाची’ असेच वाटले होते. वरच्या शिफारशी 2000 फुटांपेक्षा अधिक उंचीसाठी आहेत, आणि आंबोलीचा घाट चढून गेले की आपण त्या उंचीच्या वर असतो. नाशिक स्वतःच जवळपास 2000 फुटांवर आहे. आम्हाला काही झाले नाही, पण ते आमचे नशीब. आता आम्ही मालवणात एक मुक्काम वाढवतो. परतल्यावर लगेच कळसूबाई चढण्याचा उत्साहही आवरावा. ते शिखर 1646 मीटर आहे.

पंचवटीकर:
एक भर. डाइव्हनंतर खांदा किंवा कोपर दुखणे, मुंग्या येणे, त्वचेवर चट्टे उठणे, चक्कर किंवा न समजणारा थकवा जाणवला, तर कितीही तास झाले असले तरी विमानात बसू नका. ‘टाकी उचलून हात भरून आला असेल’ म्हणून वेदनाशामक गोळी घेणे ही नेहमीची चूक आहे. अशा वेळी शुद्ध ऑक्सिजन आणि दाबकक्षातील उपचार हाच मार्ग असतो, म्हणून लगेच डॉक्टरांना दाखवा आणि डाइव्ह केल्याचे आवर्जून सांगा.

गोदाकाठ:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. तिसऱ्या दिवशीच्या दोन्ही डाइव्ह रद्द केल्या. विमान बदलण्यापेक्षा ते स्वस्त पडले. आता दुसऱ्या दिवशीच्या डाइव्हपासून विमानापर्यंत चाळीस तासांहून अधिक वेळ मिळतो. त्या मोकळ्या सकाळी किनाऱ्यावर स्नॉर्केलिंग केले तर चालेल का?

निळाई:
पृष्ठभागावर तरंगत पाहायला हरकत नाही, कारण तेथे तुम्ही दाबाखालची हवा घेत नाही. मात्र श्वास रोखून खोल सूर मारणे त्या दिवशी टाळा.