‘कमी धोका’ म्हणजे नेमके काय?

‘कमी धोका’ अशी नोंद असलेल्या लहान खासगी धरणाची तपासणी लांबणीवर टाकली तरी चालते, हे मत मला मान्य नाही. अमेरिकेत ही श्रेणी, धरण फुटलेच तर खालच्या बाजूला किती हानी होईल एवढेच सांगते; भिंत किती सुस्थितीत आहे याची नोंद वेगळी ठेवली जाते. हवाई राज्यातील काउआई बेटावरचे का लोको हे मातीचे धरण ऊसमळ्यांच्या सिंचनासाठी १८९० च्या सुमारास बांधलेले, खासगी मालकीचे आणि नेमके याच श्रेणीत नोंदलेले होते. अनेक आठवड्यांच्या पावसानंतर १४ मार्च २००६ रोजी ते फुटले आणि सात जणांचा जीव गेला, त्यांत एक गर्भवती स्त्री होती.

नंतरच्या चौकशीत सांडवा (धरणातील जादा पाणी सुरक्षितपणे बाहेर सोडणारी वाट) बुजवला गेला असावा असा निष्कर्ष निघाला, आणि राज्याने या धरणाची तपासणी कधी केलीच नव्हती हेही उघड झाले. सांडवा नसेल तर पाणी थेट माथ्यावरून वाहते आणि मातीची भिंत झपाट्याने खचत जाते; म्हणून श्रेणी कोणतीही असो, सांडवा मोकळा आहे की नाही हे पावसाळ्यापूर्वी प्रत्यक्ष जाऊन पाहणे मला अत्यावश्यक वाटते.