ॲसिडची बाटली मिळाली, ओळखपत्र कुणी मागितलंच नाही

सातारची_मावशी
बाथरूमच्या फरशीवर क्षाराचे पांढरे थर चढलेत म्हणून परवा हार्डवेअरच्या दुकानात ॲसिड आणायला गेले. "मोठी की छोटी?" एवढंच विचारलं. पाण्याच्या जुन्या बाटलीत भरलेलं, झाकणाखाली प्लास्टिकचा कपटा, लेबल नाही. सोबत आठवीतला भाचा होता, पिशवी सरळ त्याच्या हातात दिली! मी घरी येईपर्यंत ती बाटली सरळ धरायला सांगत होते.

१८ जुलै २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या लक्ष्मी अगरवालच्या याचिकेवर स्पष्ट सांगितलंय: विकणाऱ्याने नोंदवही ठेवायची, पत्ता असलेलं सरकारी फोटो ओळखपत्र बघायचं, कशासाठी हवं ते लिहून घ्यायचं, १८ वर्षांखालच्याला द्यायचंच नाही. इतकी वर्षं झाली. तुमच्यापैकी कुणाला दुकानात एकदा तरी विचारलंय का?

गल्ल्यावरून
ताई, आमचं हार्डवेअरचंच दुकान आहे, वडिलांपासूनचं. आठवीतल्या पोराच्या हातात बाटली देणं चूकच, त्यात वाद नाही. पण बाकीचं ऐका. माझ्याकडे ॲसिड न्यायला येतो कोण? टाइल्स बसवून झाल्यावर सिमेंटचे डाग काढायला गवंड्याचा माणूस, प्लंबरचा पोऱ्या, सोसायटीचा सफाईवाला. कामाच्या कपड्यात येतात, खिशात आधार नसतं. मी परत पाठवलं की ते सायकलवर फिनेल विकणाऱ्याकडून घेतात. त्याला कोण विचारतंय? साठा प्रांत ऑफिसला कळवायचा नियम आहे, न कळवल्यास ५०,००० पर्यंत दंड. तो बसणार मला, सायकलवाल्याला नाही. आणि ज्याला कुणाचा चेहरा जाळायचाय तो ओळखपत्र घेऊनच येईल.

आटणीवाला
सराफ कट्ट्यावर आम्ही तेजाब वापरतो, सोनं शुद्ध करायला. आमचा पुरवठादार नाव, पत्ता लिहूनच माल देतो. दोन मिनिटं लागतात. होत नाही असं नाही.

गल्ल्यावरून
तुमचं गिऱ्हाईक ठरलेलं असतं, शेठ. माझ्याकडे दिवसभर येणारा प्रत्येक जण अनोळखी.

सातारची_मावशी
अनोळखी आहे म्हणूनच तर लिहून ठेवायचं!

प्रीती राठी आठवतेय? दिल्लीहून मुंबईला आली होती, कुलाब्याच्या नौदलाच्या रुग्णालयात नर्स म्हणून रुजू व्हायला. २ मे २०१३, वांद्रे टर्मिनसला गाडीतून उतरली आणि तिच्यावर ॲसिड फेकलं. १ जूनला गेली. पोलिसांनी आधी भलत्याच तरुणाला पकडलं, मग सोडलं. खरा आरोपी, तिचाच शेजारी, जानेवारी २०१४ मध्ये हाती लागला. ॲसिड कुणी कुठून नेलं हे वहीत असेल तर तपासाला पहिल्या दिवसापासून एक धागा तरी मिळतो. वहीने हल्ला थांबेलच असं मी म्हणत नाही. पण आपलं नाव लिहिलं जाणार हे कळल्यावर एखादा तरी मागे फिरेल. तेवढ्यासाठीही ती हवी.

कोर्टाच्या_वाटेवर
मला वही हे अर्धवट उत्तर वाटतं. शिक्षा कडक आहेच, २०१३ पासून किमान दहा वर्षं. तरी हल्ले होतात. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्लीत द्वारकेला शाळकरी मुलीवर फेकलेलं ॲसिड ऑनलाइन मागवलेलं होतं, असं पोलिसांनी सांगितलं. तिथे कुठला गल्ला आणि कुठली वही? बांगलादेशाने २००२ मध्ये स्वतंत्र कायदा करून विक्रीला परवाना लावला, नंतर तिथले हल्ले खूप घटले. सुटी विक्री पूर्ण बंद करा, परवान्याशिवाय कुणालाच नको. सगळा भार छोट्या दुकानदारावर टाकणं मला पटत नाही.

सातारची_मावशी
परवाना येईल तेव्हा येईल. तोवर भाच्याच्या वयाच्या पोरांनी बाटल्या न्यायच्या?

गल्ल्यावरून
नाही न्यायच्या. काल सुट्या बाटल्या मी माळ्यावर टाकल्या. आता सीलबंद, लेबलवालंच ठेवतो आणि लहान पोराला देत नाही. दोन गवंडी कुरकुर करून गेले. वहीचं मात्र अजून पटत नाही. लोकांच्या आधारच्या झेरॉक्सा माझ्या ड्रॉवरमध्ये पडून राहणार, उद्या त्यावर कुणी सिमकार्ड काढलं तर मी काय उत्तर देऊ?

सातारची_मावशी
झेरॉक्स घेऊच नका. ओळखपत्र डोळ्यांनी बघा आणि नाव, पत्ता, किती नेलं, कशासाठी, एवढं एका ओळीत लिहा. उधारीची वही ठेवता तशीच.