मदत हवी आहे: भावाच्या जोडीदाराला कागदावर परकं राहू द्यायचं नाही, काय काय करता येईल?

नमस्कार. मी मालवण तालुक्यातली. घरी आई आणि मी. चिऱ्याचं घर, थोडे माड, अकरा हापूस कलमं. वडील नाहीत. सातबारावर आई, मी आणि धाकटा भाऊ अशी तीन नावं. भाऊ पुण्यात नोकरीला. तो आणि त्याचा जोडीदार नऊ वर्षं एका घरात राहतात. जोडीदार वेंगुर्ल्याकडचा, कॅथलिक. दोघांनी चाळिशी ओलांडली आहे. हे बरोबर की चूक, हे मी इथे विचारायला आलेले नाही.

गेल्या आषाढात भावाचं अपेंडिक्स फुटलं. रात्री अकराला जोडीदाराने त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. फॉर्मवर 'रुग्णाशी नाते' असा रकाना होता. त्याने 'मित्र' लिहिलं. काउंटरवरच्या बाईंनी त्यावर रेघ मारली आणि म्हणाल्या, रक्ताचं कोणी असेल तर बोलवा. मग मला फोन. फोनवरचा होकार चालेना, सही हवी. मी वहीच्या पानावर संमती लिहिली, सही केली, आधारकार्डाबरोबर फोटो काढून पाठवला. भावाला आत न्यायला पहाटेचे दोन वाजले. मी मिळाली ती गाडी करून फोंडा घाटातून भर पावसात निघाले, दहाला पोचले. जोडीदार बाहेर बाकावर बसला होता, भावाच्या चपला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवी मांडीवर धरलेली. रात्रभर त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. मी गेले आणि डॉक्टर लगेच माझ्याशी बोलायला आले. मला तेव्हा फार लाज वाटली.

तेव्हापासून वाचते आहे. २०१८ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा जाच गेला, पण लग्नाचा हक्क आला नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की लग्न हा मूलभूत हक्क नाही, कायदा बदलायचा तर संसदेने बदलावा. नागरी जोडीदारीला, म्हणजे लग्न न म्हणता नोंदवलेल्या सहजीवनाला, मान्यता द्यावी असं तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल यांचं मत होतं, उरलेल्या तिघांचं नव्हतं. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या.

घरातला वाद वेगळाच. आमचे काका म्हणतात, लग्न हा संस्कार आहे, त्याला हात लावू नका. मी त्यांना विशेष विवाह कायदा दाखवला, १९५४ चा. त्यात होम लागत नाही, सप्तपदी लागत नाही. तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार आणि नोंदणी अधिकारी. त्यात संस्कार कुठे आला? आणि 'लग्न' या शब्दाचीच अडचण असेल तर डेन्मार्कने १९८९ मध्ये नोंदणीकृत जोडीदारी आणली, फ्रान्सने १९९९ मध्ये तसाच करार आणला, ब्रिटनने २००४ मध्ये कायदा केला आणि त्या नोंदणीत धार्मिक विधीला जागाच ठेवली नाही. धर्माचं धर्माकडे, सरकारचं सरकारकडे. काका गप्प झाले, पण भाऊ माझ्यावर उखडला. "म्हणजे आम्हाला वेगळ्या पंगतीत बसवणार?" जोडीदार त्याला म्हणाला, "पंगत वेगळी असूंदे, आधी पान तर वाढू दे." मला अजून ठरवता येत नाही दोघांपैकी कोणाचं खरं.

आईला यातलं काही कळत नाही. ती एवढंच म्हणते, "माझ्या झिलाक पाणी तेना पाजल्यान. कागदाचा काय ता तुमी बघा." तिला ग्रामदेवतेपुढे दोघांच्या नावाने गाऱ्हाणं, म्हणजे देवाला साकडं, घालायचं आहे. तिकडे जोडीदाराच्या आईने चर्चमधल्या फादरना विचारलं. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनने अशा जोडप्यांना साधा आशीर्वाद द्यायची मुभा दिली, विवाहविधी मात्र नाही. फादरनी तेवढंच सांगितलं, पण प्रेमाने सांगितलं.

माझे प्रश्न असे. दवाखान्यात पुन्हा असं होऊ नये म्हणून कोणता कागद जवळ ठेवावा? पुण्यातला फ्लॅट भावाच्या एकट्याच्या नावावर आहे, हप्ते दोघं भरतात, त्याचं काय? आणि भावाला इथला आपला वाटा जोडीदाराला द्यायचा आहे, आईची आणि माझी हरकत नाही, ते कसं करावं? तालुक्याच्या ठिकाणी एक जण पाचशेच्या मुद्रांकावर 'सहजीवनाचा करारनामा' करून देतो म्हणतो. त्याला काही अर्थ आहे का?

—

प्रतिसाद, रत्नागिरीहून (वकिली करतो)

ताई, पहिला प्रश्न मीच विचारतो. भाऊ त्या रात्री शुद्धीवर होता का? सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाची स्वतःची संमती लागते, नातेवाइकाची नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात हेच सांगितलं. तिथे तर सज्ञान मुलीच्या वतीने आईने दिलेली संमतीही ग्राह्य धरली नव्हती. आणि जिवावर बेतलं असेल तर सहीसाठी उपचार थांबवायचे नसतात.

बेशुद्धावस्थेसाठी भावाने एक पत्र करून ठेवावं, माझ्या प्रकृतीबद्दल यांच्याशी बोला आणि यांना आत येऊ द्या, असं. दवाखान्यावर ते बंधनकारक आहे असं नाही, पण हातात कागद असला की बोलणं बदलतं. त्याच्याबरोबर तुमची आणि आईची एक ओळीची सहमती जोडा. शेवटच्या आजारातल्या निर्णयांसाठी वैद्यकीय इच्छापत्र वेगळं. २०२३ पासून ते दोन साक्षीदार आणि नोटरीपुढे होतं.

फ्लॅटचं मात्र आजच मनावर घ्या. भाऊ मृत्युपत्र न करता गेला तर हिंदू उत्तराधिकार कायद्याने सगळं आईला जाईल, आई नसेल तर तुम्हाला. सोसायटीत नॉमिनी लावला म्हणजे झालं असं समजू नका, नॉमिनी मालक होत नाही. मृत्युपत्र करा, दोन साक्षीदार घ्या, जोडीदार स्वतः साक्षीदार नको. नोंदणी सक्तीची नाही, तरी करा. पुढे कोणी वाद घातला तर उपयोगी पडते. बक्षीसपत्राच्या वाटेला जाऊ नका. नवरा-बायकोला लागतो तो दोनशे रुपयांचा मुद्रांक यांना लागू नाही, आणि नात्याबाहेरची पन्नास हजारांवरची भेट घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरून कर लागतो. मृत्युपत्राने आलेल्यावर तो लागत नाही.

पाचशेच्या करारनाम्याने नवरा-बायकोचा एकही हक्क मिळत नाही. पैसे घालवू नका.

कलमांची जमीन अवघड आहे. कूळकायद्याचं कलम ६३ बिगरशेतकऱ्याला शेतजमीन देऊ देत नाही, आणि २०२० मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मृत्युपत्रानेही ही आडकाठी ओलांडता येत नाही असं म्हटलं. जोडीदाराच्या घरी शेती आहे का?

—

प्रतिसाद, चिपळूणहून

भावाची काळजी समजते. पण ग्रामदेवतेला यात आणू नका. गाऱ्हाणं गावाचं असतं, एका घराच्या हट्टासाठी नसतं. कागद करा, देव सोडा.

—

प्रतिसाद, दापोलीहून

आम्ही दोघी आहोत, अकरा वर्षं. ताई, २८ ऑगस्ट २०२४ च्या केंद्राच्या अर्थखात्याच्या पत्रात स्पष्ट आहे की अशा व्यक्तींना संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी नेमायला कोणतीही आडकाठी नाही. आम्ही पत्राची छापील प्रत घेऊन गेलो. मॅनेजरनी दोनदा वाचलं, मग खातं उघडलं. शिधापत्रिकेबाबतही तशीच सूचना निघाली आहे, एका घरातले म्हणून धरा अशी. प्रत सोबत न्याच, तोंडी सांगून भागत नाही. आणि हप्ते संयुक्त खात्यातून जाऊ देत, कोणी किती भरले त्याची नोंद राहते.

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

—

धागाकर्ती

वकीलसाहेब, तुमचा पहिला प्रश्न वाचून मी भावाला फोन केला. तो शुद्धीवर होता. स्ट्रेचरवर पडून सगळं ऐकत होता. त्याला कोणी विचारलंच नाही. "मी सही करतो" असं तो दोनदा म्हणाला, असं आता सांगतो आहे. आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं की तेवढं पुरेसं होतं. फ्लॅट माझ्या नावावर येईल हे वाचून तर मला रात्री झोप लागली नाही. मला नको आहे तो. मृत्युपत्राचा मसुदा या रविवारी करायला बसतो आहोत.

चिपळूणकर, रोज कोणाची म्हैस हरवते, कोणाचं पोर परीक्षेला बसतं, त्याची गाऱ्हाणी देवळात पडतातच. गुरव सांगतात त्याला सगळे 'व्हय महाराजा' म्हणतात. आमच्या आईने पन्नास वर्षं त्या देवळात दिवा लावला आहे. तिला दोन मुलांच्या सुखरूपतेसाठी नारळ ठेवायचा आहे. लग्न लावा असं ती देवाला सांगत नाही. गुरव नाही म्हणाले तर ती घरच्या तुळशीपुढे घालेल, पण विचारणार नक्की.

दापोलीच्या ताई, प्रत मिळवते. आईला तुमचा निरोप सांगितला. सोलं वाळली की दोघींसाठी पाठवायला सांगते आहे.

जमिनीचं असं आहे. जोडीदाराच्या घरी वेंगुर्ल्याला काजूची बाग आहे, पण सातबारा सामायिक, चौदा नावं, आणि त्याचे आजोबा गेल्यापासून वारस नोंदच झालेली नाही. वडिलांचंही नाव लागलेलं नाही. सोमवारी तो रजा काढून तलाठ्याकडे जातो आहे. वारस फेरफार झाला आणि वडिलांचं नाव लागलं, तर मुलगा म्हणून त्याला तहसीलदारांकडून शेतकरी दाखला मिळेल का, की स्वतःचं नाव सातबारावर यायलाच हवं? हे कोणी स्वतः केलं असेल तर सोमवारच्या आत कळवा.