पाहुण्यांना लंडनमध्येच का जेवायला घालता?

बर्मिंगहॅमकर (धागाकर्ता)

मे-जून उजाडला की इथल्या मराठी घरांत एकच कार्यक्रम. पुण्या-नाशकाहून आईबाबा येतात, आपण त्यांना बिग बेन दाखवतो, टॉवर ब्रिजवर फोटो काढतो आणि संध्याकाळी डिशूमच्या रांगेत उभं करतो. ज्यांची हयात इराण्याकडे ब्रून मस्का चहात बुडवण्यात गेली, त्यांना इराणी हॉटेलची महागडी आठवण दाखवायला इतकं तिष्ठत ठेवायचं? (तिथली काळी डाळ उत्तम असते, त्याबद्दल वाद नाही.)

माझं म्हणणं असं की ब्रिटनमध्ये येऊन देशी खाण्यात गैर काही नाही. फक्त लंडनबाहेर पडा आणि त्या त्या शहराचं देशी खा. बर्मिंगहॅमची बाल्टी ना अमृतसरला मिळते, ना लाहोरला. ती सत्तरच्या दशकात इथेच, स्पार्कब्रुकच्या बाजूला जन्मली. पातळ पत्र्याची कढई, भडकलेली आच, तुपाऐवजी तेल, हाडं काढलेलं मटण किंवा कोंबडी. ज्या कढईत शिजलं तीच टेबलावर येते. भात मागायचा नाही. टेबल नान मागवायचा, तो खरोखर टेबलाएवढा येतो आणि चौघांनी चार बाजूंनी फाडून खायचा. लेडीपूल रोडवर शबाब्समध्ये बसा. कढईच्या कडेला मसाला करपून चिकटलेला असतो, तो नानाच्या तुकड्याने खरवडून खाल्ला नाही तर गेलात कशाला? या भागात बऱ्याच ठिकाणी दारू विकत नाहीत, स्वतःची बाटली नेलेली काही जागी चालते. फोन करून विचारा.

मँचेस्टरला नॉर्दर्न क्वार्टरच्या एका बोळात धिस अँड दॅट आहे, १९८४ पासून. एका ताटात भात आणि त्यावर तीन रस्सेभाज्या, बस्स. शेजारच्या बाकावर गवंडी, वकील, विद्यार्थी कोणीही असतो. लेस्टरला बेलग्रेव्ह रोडवर तिखट मोगो (कसाव्याचा कंद) खा.

जे जेवण एखाद्या शहरातल्या कामगारांनी, टॅक्सीवाल्यांनी आणि रात्री दोनला भूक लागलेल्या पोरांनी पन्नास वर्षं खाल्लं, ते त्या शहराचंच झालं. तुमचं काय मत?

लीड्सची माई

साफ असहमत. माणसं विमानात दहा तास आखडून येतात ती पुन्हा हळद-धण्यातच बुडायला? बाल्टी इथे जन्मली हे मान्य, पण बाबांच्या जिभेला ती 'बाहेरची कोंबडी' एवढीच लागणार. त्यांना पबमध्ये न्या. रविवारी दुपारचा रोस्ट, यॉर्कशायर पुडिंग, त्यावर ग्रेव्ही. घरी सांगायला काहीतरी वेगळं हवं ना.

पबचे नियम मात्र आधी सांगा. टेबलावर कोणी विचारायला येत नाही. माझे सासरे पहिल्यांदा खुर्चीत ताठ बसून वेटरची वाट बघत होते, शेवटी मला म्हणाले, "आपण काळे म्हणून येत नाहीत का गं?" तसं काही नव्हतं, बारवर जाऊन मागायचं असतं, पैसेही बहुतेक ठिकाणी तिथेच द्यायचे. (वेदरस्पून साखळीच्या पबांत ॲपवरून टेबलावर मागवता येतं, पण तिथे नेण्यात मजा नाही.) लिव्हरपूलला असाल तर होप स्ट्रीटवरचा फिलहार्मोनिक बघाच. १९०० च्या आसपासचा पब, कोरीव लाकूड, रंगीत काचा, आणि पुरुषांची मुतारीसुद्धा गुलाबी संगमरवराची. ताजमहाल पाहिलेल्या माणसालाही ती दाखवण्यासारखी आहे.

सातारकर शाकाहारी

माईंना एकच प्रश्न. लीड्समध्ये राहता, मग तुमच्याकडच्या चिप्स कशात तळतात हे सांगितलं नाहीत ते?

बाकीच्यांसाठी सांगतो. यॉर्कशायरात आणि उत्तरेत कित्येक दुकानांत फिश अँड चिप्स गोमांसाच्या चरबीत तळतात. पाटीवर 'बीफ ड्रिपिंग' असं अभिमानाने लिहिलेलं असतं. आपण मात्र "आई, मासा नको तर नुसते बटाटे खा" म्हणत कागदाचा द्रोण हातात देतो. रोस्टचे बटाटेही पुष्कळदा चरबीतलेच, आणि मांसाऐवजी सुक्यामेव्याचा नट रोस्ट मागवला तरी त्यावर ओतलेली ग्रेव्ही कसली आहे ते विचारावं लागतं. पिण्याचंही तेच. काही एल (बिअर) नितळ करायला माशाच्या फुग्यापासून केलेला पदार्थ वापरतात. गिनेसने ते सोडलं, सगळ्यांनी नाही. 'बाहेरची कोंबडी' वगैरे ठीक आहे, पण ज्यांच्या घरात अंडंही शिजत नाही त्यांनी काय करायचं? मी आईला थेट लेस्टरला नेतो. बॉबीज १९७६ पासून शाकाहारी आहे. ताटाकडे संशयाने बघावं लागत नाही, हे सुख माईंना कळायचं नाही.

लीड्सची माई

कळतं हो. वनस्पती तेलात तळणारी दुकानंही आहेत, विचारलं की सांगतात. आणि माझ्याच गावात, स्टेशनाजवळ मिल हिलवर बुंदोबस्त आहे, २०१४ पासून. सगळं शाकाहारी, वर वडापाव आणि क्राफ्ट बिअर. घ्या, तुमच्या आईचीही सोय आणि बाबांचीही.

सातारकर शाकाहारी

म्हणजे शेवटी तुम्हीही वडापावावरच आलात.

टूटिंगवासी

धागाकर्त्याचा लंडनवरचा राग मला समजत नाही. डिशूम म्हणजे लंडन नव्हे. (आणि डिशूम आता बर्मिंगहॅममध्येही आहे, ते सोयीस्करपणे विसरलात.) हाउन्सलोत २०१० साली सुरू झालेला श्रीकृष्ण वडापाव मुंबईच्या दोन मित्रांनी मंदीत नोकरी गेल्यावर काढला. तो लंडनचा नाही तर कुठला? युस्टनच्या मागे ड्रमंड स्ट्रीटवर दिवाणा भेळपुरी हाउस सत्तरच्या दशकापासून आहे. विल्सडनजवळ डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे आणि मंडळ १९३२ चं आहे. आमच्या टूटिंगमध्ये डोसा आणि श्रीलंकेचा कोत्तू रोटी एकाच फुटपाथवर मिळतात. तुमच्या कसोटीने पाहिलं तर हे सगळं 'त्या शहराचंच' आहे.

दुसरं म्हणजे माझ्या आईचे गुडघे. युस्टनवरून बर्मिंगहॅम दीड तास म्हणायला, पण घरापासून युस्टन, तिथली पळापळ, उतरल्यावर बस, आणि रात्री हेच उलट. एका कढईसाठी?

बर्मिंगहॅमकर

हाउन्सलोचा मुद्दा बिनतोड आहे, तो मी मोजलाच नव्हता. पण किती जण पाहुण्यांना हाउन्सलोला नेतात? नेतात ते कोव्हेंट गार्डनच्या डिशूमला. भाड्याचं म्हणाल तर साठीच्या पुढच्या कोणालाही सीनियर रेलकार्ड काढता येतं, पासपोर्ट दाखवून पाहुण्यांनाही. तिकिटावर एक तृतीयांश सवलत. गुडघ्यांवर माझ्याकडे तोड नाही.

रशोममधली

विद्यार्थिनी आहे, मँचेस्टरला विल्म्सलो रोडला लागून राहते. काका, तुमचा हा सगळा सिद्धांत जुन्या फोटोंवर उभा आहे. इथे पाटी अजून 'करी माइल'ची आहे. प्रत्यक्षात चालत गेलात तर शावर्मा, कुर्दी भट्टीतला नान, सिरियन मिठाई, शिशा (हुक्का). करीची दुकानं मधूनमधून. तुमच्या बाल्टीचंही तेच, स्पार्कब्रुकच्या ज्या भागाला 'बाल्टी ट्रँगल' म्हणतात तिथे पूर्वी डझनांनी असलेली खरी बाल्टी हाउसेस आता हाताच्या बोटांवर मोजावी लागतात. मुलं वकील, फार्मासिस्ट झाली, त्यांना भट्टीपुढे उभं राहायचं नाही. योग्यच केलं त्यांनी.

मग 'शहराचं जेवण' कोणतं? पन्नास वर्षांपूर्वीच्या लोकांचं की आज रात्री दोनला भूक लागलेल्या माझं? मी तर आईला कुर्दी दुकानात नेलं. समोर भट्टीतून नान निघतो, लांबट, वर तीळ, गरम असताना हातात धरवत नाही. आई म्हणाली, "आपल्याकडे का नाही मिळत असा?" पाहुण्यांना घरचं जेवण इंग्लंडात दाखवायचं नसतं. त्यांना इंग्लंडात आज कोण राहतं ते दाखवायचं असतं.

बर्मिंगहॅमकर

तू म्हणतेस ते माझ्याच बाजूचं आहे. कुर्दी नान आणखी तीस वर्षांनी मँचेस्टरचा होणार, जशी बाल्टी आमची झाली. तोवर जी बाल्टी हाउसेस उरलीत तिथे आधी जावं, कारण ती नंतर नसतील.

रशोममधली

म्हणजे बंद पडणार म्हणून जायचं? ते जेवण झालं की अंत्यदर्शन?

कावळानाक्यावरचा

भांडण थांबवा, तुम्हा दोघांनाही न सुचलेली जागा सांगतो. देशी पब. वेस्ट ब्रॉमविचचा द व्हाइन, हॉथॉर्न्स फुटबॉल मैदानापासून चालत. बाहेरून कोपऱ्यावरचा साधा इंग्रजी पब. आत गेलात की मागे हॉल पसरत जातो आणि शेवटी सिगडी, त्यावर कबाब, तंगड्या, मासे. मिक्स्ड ग्रिल फुसफुसत्या तव्यावर येतं, कांद्याचा धूर डोळ्यांत जातो. मॅच असेल त्या दिवशी वेस्ट ब्रॉमचे शर्ट घातलेले गोरे आजोबा आणि पंजाबी काका एकाच टेबलावर रेफ्रीला शिव्या देत असतात. हँड्सवर्थचा द ग्रोव्हही तसाच.

माईंच्या सासऱ्यांचा प्रश्न वाचून हसलो, पण तो प्रश्न वेडगळ नव्हता. याच पट्ट्यात, स्मेदिकमध्ये, साठच्या दशकात कित्येक पबांत भारतीयांना ठरावीक खोलीत बसू देत नसत. इंडियन वर्कर्स असोसिएशनने त्याविरुद्ध लढा दिला. फेब्रुवारी १९६५ मध्ये त्यांच्या बोलावण्यावरून अमेरिकेतले कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स स्मेदिकला आले, ब्लू गेट्स पबात गेले आणि तिथल्या एका खोलीत त्यांनाही काही द्यायला नकार दिला. त्यानंतर नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांची हत्या झाली. सार्वजनिक जागांतला असा भेदभाव बेकायदा ठरवणारा कायदा त्याच वर्षी आला. पुढे मिडलंड्सच्या कारखान्यांतल्या पंजाब्यांनी पबच विकत घेतले. आत्ता तिथे ग्रिल खाताना हे सगळं बाबांना सांगा, लंडन आयच्या तिकिटात एवढं येत नाही.

सातारकर शाकाहारी

इतिहास उत्तम. पण आईला पबमध्ये? आणि सिगडीवर माझ्यासाठी काय?

कावळानाक्यावरचा

मिरची पनीर. आईला लाइम अँड सोडा. शनिवारी दुपारी अख्खी कुटुंबं असतात तिथे, पोरंबाळं धरून. आपल्याकडच्या परमिट रूमचं चित्र डोक्यातून काढा.

मिडलंड्सचा डॉक्टर

लेस्टरला नोकरी करतो म्हणून थोडं अवांतर. १९७२ साली इदी अमीनने युगांडातल्या आशियाईंना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं. तेव्हा लेस्टरच्या महापालिकेने तिथल्या 'युगांडा आर्गस'मध्ये जाहिरात दिली, 'तुमच्या आणि कुटुंबाच्या हितासाठी लेस्टरला येऊ नका' अशा अर्थाची. लोक आले. आज तीच महापालिका बेलग्रेव्ह रोडवर दिवाळीची रोषणाई करते आणि ती बघायला गावोगावचे लोक येतात. मोगो हा कसावा त्यांच्याबरोबर पूर्व आफ्रिकेतून आला. उपासाचा साबुदाणा याच कंदाचा असतो हे माझ्या आत्याला सांगितलं तर तिने लगेच विचारलं, "मग एकादशीला चालेल का?" मिरची-लसणात परतलेला असतो म्हटल्यावर हिरमुसली.

पण सातारकर, लेस्टर म्हणजे निर्धोक घरचं ताट असं समजून नेऊ नका. गुजराती चव गोडसर. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक विदर्भातल्या पाहुण्याने दुसऱ्या घासाला ठेचा मागितला आहे.

स्विंडनचो गोंयकार

आमचे स्विंडन कोणालाच आठवना. पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले हजारो गोंयकार इथे आहेत. हॉटेलांत नका शोधू, कोणाच्या घरी पोचा.

क्लाइडकाठी

स्कॉटलंडकडे येणार असाल तर चार गोष्टी. ग्लासगोत मदर इंडियाज कॅफेत लहान लहान वाट्यांत पदार्थ येतात, पाहुण्यांना पाच-सहा चवी बघता येतात. दुकानातून दारू सकाळी दहा ते रात्री दहा एवढ्याच वेळात मिळते, सव्वादहाला पळत जाऊ नका. गाडी चालवणार असाल तर इथली मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे, एका पाइंटचा हिशेबही धरू नका. एडिनबराला चिप्सवर 'सॉल्ट अँड सॉस' म्हणतील, तो व्हिनेगर घातलेला पातळ तपकिरी सॉस असतो. ग्लासगोवाल्याला तो आवडला म्हणू नका.

चिकन टिक्का मसाल्यावर ग्लासगोच्या शीश महलचा दावा आहे, त्यावर वेगळा धागा काढा, इथे नको.

टूटिंगवासी

बरं, आता कामाचं बोला. पुढच्या महिन्यात आई-बाबा येताहेत. लंडनबाहेर एकच शनिवार-रविवार जमेल. आई शाकाहारी, बाबा सगळं खातात, गुडघे वर सांगितले आहेत.

बर्मिंगहॅमकर

शनिवारी आमच्याकडे. बाल्टी हाउसमध्ये भाजीची आणि चण्याची बाल्टी असते, आईंचं अडणार नाही. स्टेशनावर गाडी घेऊन मी येतो, बसचा प्रश्नच नाही.

सातारकर शाकाहारी

लेस्टर. सेंट पँक्रसवरून तासाभरात, तुमच्या दीड तासापेक्षा कमी.

लीड्सची माई

बाबांचा विचार कोणी करणार की नाही? शनिवारी बाल्टी खा, रविवारी बर्मिंगहॅममध्येच एखाद्या पबात रोस्ट घ्या, आईंना नट रोस्ट, ग्रेव्ही आणि बटाट्यांचं आधी विचारून. टेबल आत्ताच राखून ठेवा आणि दोनच्या आत पोचा. चारला गेलात तर मांस संपलेलं असतं आणि उरतात ती फक्त गाजरं.