टिनिटस: टीएचआय 64 वरून 54, ही सुधारणा धरायची का?

प्रश्न
रुग्ण 52 वर्षांचे, दोन वर्षांपासून कानात शिट्टी (टिनिटस). लाउडनेस मॅचिंगला (बाहेरचा आवाज कानातल्या आवाजाएवढा जुळवून मोजणं) आवाज श्रवण-उंबरठ्याच्या, म्हणजे जेमतेम ऐकू येणाऱ्या पातळीच्या, फक्त 6 डेसिबल वर, तरी टीएचआय (टिनिटसचा त्रास मोजणारी 100 गुणांची प्रश्नावली, जास्त गुण म्हणजे जास्त त्रास) 64. श्रवणयंत्र आणि समुपदेशनानंतर तीन महिन्यांनी 54. गट ‘तीव्र’वरून ‘मध्यम’ झाला. एवढं पुरे? नैराश्य वेगळं मोजावं का?

उत्तर १
6 डेसिबलमध्ये नवल नाही. जुळवलेली पातळी आणि त्रास यांचा संबंध फार सैल असतो. गट बदलला यावर मात्र जाऊ नका, 58 ते 76 तीव्र आणि 38 ते 56 मध्यम, म्हणजे सीमेजवळ दोन गुणांनीही गट बदलतो. सरासरीने 7 गुणांची घट रुग्णाला जाणवते असं मानतात, पण एका रुग्णापुरतं बोलायचं तर ही चाचणी तयार करणाऱ्यांनीच 1998 मध्ये 20 गुणांचा फरक मागितला होता. 10 ही आशादायक घट, पक्की नव्हे.

टीएचआयच्या प्रश्नांच्या उपगटांचे गुण सुटे काढा: कार्यात्मक 44, भावनिक 36, टोकाची हतबलता 20 पैकी. ‘आवाजामुळे लोकांचं बोलणं ऐकू येत नाही’ याला बहिरेपणामुळेही ‘हो’ येतं. श्रवणयंत्राने तेवढेच गुण उतरले असतील तर मनाचा त्रास जिथल्या तिथे आहे.

उत्तर २
नैराश्य वेगळंच मोजा. पीएचक्यू-9 ही नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली मोफत आहे, 27 पैकी 10 किंवा जास्त आले तर पुढची तपासणी. झोप आणि एकाग्रतेचे प्रश्न टिनिटसमुळेही वाढतात, म्हणून पहिले दोन, उदासी आणि रस नसणं, आधी वाचा. नववा प्रश्न जीव नकोसा होण्याचा. टीएचआयमध्ये तो नाहीच. या नवव्या प्रश्नाला शून्याखेरीज काहीही आलं तर त्याच भेटीत, नातेवाइकांना बाहेर बसवून, थेट विचारा आणि मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवा. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लिहून द्या. फॉर्म फाइलला लावून रुग्णाला घरी सोडणं धोक्याचं.

प्रश्नकर्ता
धन्यवाद. पुढच्या भेटीपासून टीएफआय (टिनिटसचीच दुसरी प्रश्नावली) घेतला तर?

उत्तर १
बदल टिपायला तो बरा, 13 गुणांची घट अर्थपूर्ण धरतात आणि ऐकण्याचा उपगट वेगळा आहे. पण या रुग्णाचं टीएचआय बंद करू नका, नाहीतर तुलनाच मोडेल. टीएफआयचे पहिला आणि तिसरा प्रश्न टक्क्यांत असतात, त्यांना 10 ने भागा. 7 ऐवजी 70 भरले गेले तर एकूण 25 गुण फुगतात. ‘सहन करणं किती सोपं’ इथे 0 म्हणजे सोपं. बरेच जण सोपं म्हणून 10 ला गोल करतात, त्यामुळे तो प्रश्न समोर बसून वाचून घ्या. 25 पैकी किमान 19 उत्तरं नसतील तर गुण काढू नका.