सोलापूरच्या गच्चीवर हॉप्सला फुले येतील का?

जुळेसोलापूरकर:
नमस्कार. बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या हॉप्सची वेल घराच्या गच्चीवर मोठ्या कुंडीत लावण्याचा विचार आहे. रोपविक्रेत्याच्या मते शेडनेट आणि नियमित पाणी असल्यास उन्हाळा निभावतो. परंतु वेल जगणे आणि तिला काढणीयोग्य फुले येणे या निराळ्या गोष्टी आहेत. येथे फुले मिळतील का, आणि मिळाल्यास ती केव्हा व कशी काढावीत?

मांडवाखाली:
शंका रास्त आहे, कारण खरी अडचण उन्हापेक्षा दिवसमानाची आहे. हे पीक साधारणपणे 35 ते 55 अक्षांशांच्या पट्ट्यातले. जर्मनीतील हालरटाऊ भागात जूनमधील दिवस सुमारे 16 तासांचा असतो. त्या काळात वेल पाच-सहा मीटर चढते आणि दिवस आखडू लागले की फुलते. सोलापुरात वर्षातील सर्वांत मोठा दिवसही 13 तास 10 मिनिटांच्या आसपासच असल्याने वेल पुरती वाढण्याआधीच फुलण्याच्या मागे लागते आणि हाती मूठभर फुले येतात. भारतात हॉप्स हिमाचलातील लाहौलमध्ये होतात. तेथील थंडी आपण आणू शकत नाही, मात्र दिवस लांबवता येतो. ड्रॅगनफ्रूटच्या बागांत रात्री दिवे लावतात ते फूल आणण्यासाठी. हॉप्सचे, शेवंतीप्रमाणे, याच्या नेमके उलट आहे. वेल मांडवाला पोचेपर्यंत संध्याकाळी दिवे लावून दिवस 16 तासांचा करावा आणि नंतर ते बंद करावेत. दक्षिण आफ्रिकेतील जॉर्ज परिसरात व्यावसायिक शेतीतही हा मार्ग वापरला गेला आहे.

काळी_माती:
वरील उत्तराशी सहमत आहे, तरी कुंडीतल्या वेलीकडून फार अपेक्षा ठेवू नये. मुळकंद मादी वेलीचाच घ्यावा; ल्युपुलिन नावाची जी पिवळी भुकटी आपल्याला हवी असते, ती मादी फुलांत भरते. आपली चुनखडीयुक्त काळी माती कुंडीत नको, कारण हॉप्सला साधारण 6 ते 7 सामू (pH, मातीची आम्लता) मानवतो. वेल काथ्याच्या दोरीवर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळवावी; उलट वळवल्यास ती सुटून येते. एप्रिल-मेमध्ये पानांच्या खालच्या बाजूला लाल कोळी आहे का, हे पाहत राहावे.

काढणीची घाई करू नये. कोवळे फूल दाबल्यावर दबलेलेच राहते. तयार फूल पुन्हा फुगते, बोटांत कागदासारखे कुरकुरते, आणि उकलून पाहिल्यास आतील भुकटी गर्द पिवळी दिसते. ताज्या फुलात सुमारे 80 टक्के पाणी असते, ते 10 टक्क्यांपर्यंत उतरवावे लागते. आपल्याकडे पापड-कुरडया वाळतात म्हणून हॉप्सही कडक उन्हात टाकण्याचा मोह होईल, पण त्याने सुगंधी तेले उडून जातात. सावलीत, जाळीवर, पंख्याखाली पसरावीत. मधला देठ वाकण्याऐवजी कट्कन मोडू लागला की फुले हवाबंद पिशवीत भरून फ्रीजरमध्ये ठेवावीत. घरात कुत्रा असल्यास ती त्याच्यापासून दूर ठेवावीत. त्याला ती विषारी आहेत.

जुळेसोलापूरकर:
आभारी आहे. दिवे फार प्रखर लागतील का? आणि घरी बिअर करण्यास परवाना लागतो का?

मांडवाखाली:
साधे एलईडी दिवे पुरतात, कारण ते वाढीसाठी नसून केवळ दिवस लांबल्याचे भासवण्यासाठी असतात. परवान्याविना घरी बिअर तयार करणे मात्र महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 नुसार गुन्हा आहे. त्याऐवजी वाळलेली फुले गार पाण्यात काही तास भिजवून, गाळून सोडा मिसळावा. हॉप्सचा कडवटपणा प्रामुख्याने उकळल्यावर उतरतो, त्यामुळे या पेयात सुगंधच अधिक येतो.